शेव काढली, आता श्वासाचं बघू

खाली ठेव तो माउथ ऑर्गन. डबीत नाही, टेबलावर. आणि हात मांडीवर घे. आता काही वाजवायचं नाही, फक्त ऐकायचं. इतका वेळ मी ऐकलं, आता तुझी पाळी.

पावसाळ्याच्या तोंडाशी तू माझ्याकडे आलास. गणपती आले, गेले, पितृपंधरवडा उरकत आला. एवढ्या दिवसांत माझ्यासमोर तू एक सूर, एकच सूर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत न हलवता, शेजारच्या छिद्राला न चाटता वाजवल्याचं मला आठवत नाही. आणि आज चपला काढता काढता काय म्हणालास? "बाई, डिसेंबरात मित्राचं लग्न आहे, संगीतला 'शोले'ची धून वाजवायचीय, तेवढी बसवून द्या." उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, तो निदान स्वतःच्या लग्नात. तू मित्राच्या लग्नात बांधून बसलायस!

ती धून कधी नीट ऐकली आहेस? रील बघताना फोनमधून कानावर पडली, त्याला ऐकणं म्हणत नाहीत. 1975 चा सिनेमा. हवेलीत राधा एकेक दिवा मालवत जाते, खाली पायरीवर जय बसलेला असतो आणि बाजा वाजत असतो. पडद्यावर अमिताभ, वाजवणारे भानू गुप्ता. राहुलदेव बर्मनच्या ताफ्यातले, गिटारही वाजवायचे. तुझा हिशेब असा, की यात वेग नाही, उड्या नाहीत, सूरही थोडेच, म्हणजे सोपी असणार. उलटं आहे, बाबा. सूर थोडे असले की प्रत्येक सूर उघडा पडतो. लांब धरलेला सूर मधेच डगमगला तर झाकायला पुढची तान येत नाही. तुझा सूर दुसऱ्या मात्रेला पातळ होतो, तिसरीला बेपत्ता. मग तू मान हलवून डोळे मिटतोस. डोळे मिटल्याने सूर लांबत नाही.

आणि पंचमचं, म्हणजे याच राहुलदेव बर्मनचं, नाव तू उठताबसता घेतोस म्हणून सांगते. 1958 च्या 'सोलवा साल'मध्ये हेमंतकुमारांच्या त्या रेल्वेतल्या गाण्यात माउथ ऑर्गन त्याने वाजवलाय, वडिलांच्या संगीतात. 1964 च्या 'दोस्ती'त वाजवला तो लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासाठी, दुसऱ्या संगीतकारांच्या सिनेमात. त्याच्या स्वतःच्या संगीताचा 'तीसरी मंजिल' यायला अजून दोन वर्षं होती. दुसऱ्याच्या गाण्यात जेवढी जागा मिळाली तेवढी भरायची आणि बाजूला व्हायचं, हे त्याने केलं. तू अजून एका वर्गात तासभर बसू शकत नाहीस, फोन उलटा ठेवलास तरी दर पाच मिनिटांनी सुलटा करतोस.

माहिती मात्र तुझ्याकडे मुबलक. पहिल्याच दिवशी मला ऐकवलंस, की मॅथियस होनर नावाच्या घड्याळजीने 1857 मध्ये जर्मनीतल्या ट्रोसिंगेन गावी हे बाजे बनवायला घेतले. ठाऊक आहे मला. मग म्हणालास, हे वाद्य अंतराळात जाऊन आलंय. तेही ठाऊक आहे. 1965 चा डिसेंबर, जेमिनी-6 यान, वॉली शिराने नाताळची 'जिंगल बेल्स' वाजवली. ज्या बाज्यावर वाजवली तो किती मोठा होता, ते वाचलंस का? चार छिद्रांचा. जेमतेम बोटाच्या पेराएवढा. त्या चार छिद्रांवर त्याने धून अशी वाजवली, की खाली जमिनीवर ऐकणाऱ्यांनी ती ओळखली. तुझ्याकडे दहा छिद्रं आहेत, पायाखाली जमीन आहे आणि वजनही आहे. तू वाजवलंस ते तुझ्या आईने तरी ओळखलं का?

रागावू नकोस. म्हणजे, राग आला तर येऊ दे, पण खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ.

मागच्या महिन्यात तू तोंड वाकडं करून आलास. दोन नंबरची ओढ, म्हणजे हवा आत घेऊन वाजवायचा सूर, वाजत नाही, पीस डिफेक्टिव्ह आहे, परत पाठवतो. विकणाऱ्याला एक तारा देऊन चार वाक्यं लिहूनही झाली होती. मी काय केलं? बाज्याला हात लावला नाही. तुला म्हटलं जबडा सैल सोड, जांभई देताना गळा उघडतो तेवढा उघड, जीभ खाली टाक, आणि हवा खेचू नकोस, नुसती आत येऊ दे. वाजला की नाही मंद्र पंचम? खणखणीत वाजला. अरे, जगभरचे नवशिके याच दोन नंबरवर अडतात आणि बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतात. ती पत्ती लांब, खालच्या सुराची. तिला थरथरायला जागा आणि वेळ लागतो. तुझी जीभ वर चढलेली, जबडा आवळलेला, आणि वर हपापल्यासारखी हवा ओढायची. पत्ती गुदमरणार नाही तर काय करणार? उचलली जीभ लावली टाळ्याला ही म्हण लोक बोलण्याबद्दल वापरतात, तू ती वाजवून दाखवलीस. विकणाऱ्याला दिलेला तो एक तारा नंतर बदललास का? नाही ना? वाटलंच.

आणि पाच नंबरची ओढ. ती मात्र खरोखर बंद होती. छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने मी खालचं झाकण काढलं तेव्हा तू शेजारीच उभा होतास. पितळेची इवलीशी पत्ती, एका टोकाला रिव्हेटने ठोकलेली, दुसरं टोक मोकळं, खाली तिच्याच मापाची चीर. त्या चिरेत आणि पत्तीच्या कडेत काय अडकलं होतं? शेव. भेळेतली बारीक पिवळी शेव, थुंकीत भिजून वाळलेली. तिच्या पाठीमागे कोथिंबिरीचं पान, काळं पडलेलं. मी ते टाचणीच्या टोकाने, पत्तीला धक्का न लावता, श्वास रोखून काढलं, आणि तू म्हणालास, "अय्यो, ही कधी गेली?" खाताना गेली! सारसबागेसमोर भेळ खायची, पॅन्टला हात पुसायचे आणि तोंडही न धुता खिशातला बाजा काढून मित्रांना वाजवून दाखवायचा, मग दुसरं काय होणार? वर तो मित्रांना फुंकायलाही दिलास. बाजा कुणाच्या तोंडी द्यायचा नाही. सख्ख्या भावालासुद्धा नाही. तुझ्या बाज्याचा मधला सांगाडा प्लॅस्टिकचा आहे म्हणून निभावलं. लाकडाचा असता तर ओलीने फुगून बाहेर आला असता आणि ओठ सोलून निघाले असते.

खिशात मावतो ना, तिथेच सगळं घोडं अडतं. पेटीवर तू चहाचा कप ठेवशील? तबल्याला पाय लागला तर लगेच हात लावून नमस्कार करशील. हा हाताच्या पंजाएवढा, काही शे रुपयांना मिळणारा, लहानपणी जत्रेत पाहिलेला, म्हणून तू याला वाद्य मानायलाच तयार नाहीस. मग वाद्याने तुला वादक का मानावं?

पेटी आणि हा बाजा एकाच घराण्यातले. दोन्हीकडे मोकळ्या टोकाची पितळी पत्ती हवेने थरथरते. पेटीचा भाता हाताने मारायचा, इथे भाता म्हणजे तुझी छाती. छाती नव्हे, पोट म्हणते मी. छातीच्या वरच्या टोकाने श्वास घेतोस म्हणून तुला पाच मिनिटांत गरगरतं. आणि या भात्याला दोन बोलणी आहेत. सोडताना एक सूर, घेताना दुसरा. जगात फुंकायची वाद्यं पुष्कळ, पण श्वास आत घेतानाही गाणारी थोडीच, त्यातलं हे एक. तू काय करतोस? फुंकीचा सूर दणकून वाजवतोस, आणि ओढीचा म्हणजे जणू पुढच्या फुंकीसाठी हवा भरायची सोय. म्हणून तुझे सा-ग-प ठणाणा करतात आणि रे, म, ध, नि चोरट्यासारखे येऊन जातात. अर्धं सप्तक आतल्या श्वासावर आहे, साहेब. ते अर्धं तू अजून शिकायलाच घेतलेलं नाहीस.

पेटीवाल्यांनी हेवा करावा अशी एक गोष्ट याच्याकडे आहे. पेटीला मींड येत नाही, तिचे सूर जागचे हलत नाहीत, या कारणांवरून 1940 साली रेडिओने तिला दाराबाहेर काढलं होतं. गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवादक ज्या महाराष्ट्राने ऐकला, तिथल्या माणसांना रेडिओवर पेटी ऐकायला 1971 उजाडावं लागलं. या बाज्याला मींड येते. तीन नंबरच्या ओढीवर नि आहे. जीभ मागे घेत तोंडातली पोकळी बदलत नेली की तोच नि खाली उतरतो. आधी कोमल नि, मग शुद्ध ध, आणखी उतरलास तर कोमल ध. दोन नंबरच्या ओढीवरचा पंचम असाच तीव्र मध्यमावर येतो, मग शुद्ध मध्यमावर. आणि ही नुसती करामत नव्हे, गरज आहे. बनवणाऱ्यांनी खालच्या छिद्रांत साथीचे कॉर्ड भरले, म्हणून मंद्र सप्तकात म आणि ध ठेवलेच नाहीत. ते तुला वाकवून काढावे लागतात. लोक याला बेंड म्हणतात आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या मागे लागतात. तू पण लागलास. चार नंबर इतक्या जोराने ओढलास, की पत्ती उतरली, आता ती रिषभ म्हणून कोमल रिषभाच्या वाटेवर कायमची उभी आहे. जोराने सूर वाकत नाही, पत्ती थकते. पितळ आहे ते, तुझ्या आग्रहाला किती दिवस तोंड देणार?

बरं, मी तुला भूप का दिला होता, ते विचारलंस कधी? "जुनाट वाटतो" एवढंच म्हणालास. चार नंबरच्या फुंकीवर सा. चारची ओढ रे, पाचची फुंक ग, पाचची ओढ म, सहाची फुंक प, सहाची ओढ ध. इथपर्यंत फुंक-ओढ, फुंक-ओढ, डोकं न लावताही जमतं. मग सात नंबरला खेळ फिरतो. तिथे ओढ खालचा सूर देते आणि फुंक वरचा. म्हणजे ध ओढायचा आणि पाठोपाठ नि पण ओढायचा, आणि वरचा सा फुंकायचा. तुझ्यासकट सगळे तिथे सवयीने फुंकतात, नि गाळून सरळ वरच्या सा वर आदळतात आणि मग परत खाली शोधत येतात. भूपात म नाही, नि नाही. सहाची ओढ झाली की सातची फुंक, संपलं. वळणावरचा खड्डाच काढून टाकून तुला रस्ता दिला होता मी, पाय स्थिर व्हावा म्हणून. आणि तू त्या दिवसापासून घरी जाऊन काय वाजवतोयस, तर ज्यात सातही सूर आणि वर दोन कोमल आहेत असं गाणं.

त्यात ते आकडे. फोनवर उघडून बसतोस, चार, उणे चार, पाच, उणे पाच. उणे म्हणजे ओढ, कळलं. पण त्या आकड्यांत मात्रा कुठे आहे? कुठला सूर किती लांब, कुठे थांबायचं, सम कुठे? काहीच नाही. तू ते बसचे नंबर वाचावेत तसं वाचतोस, सगळे सारख्या लांबीचे. मी केरवा धरून टाळी द्यायला लागले की तुझा पाय थांबतो, तोंड थांबतं आणि तू माझ्याकडे असा बघतोस, की जणू मीच मधे बोलले. तुझ्याबरोबर त्या बँकेतून निवृत्त झालेल्या बाई येतात ना, त्यांना दुकानदाराने चोवीस छिद्रांचा ट्रेमोलो गळ्यात मारला. प्रत्येक सुराला दोन पत्त्या, एकमेकींपासून किंचित ढळवलेल्या, म्हणून त्याला लहर येते; फुंकीची छिद्रं वेगळी, ओढीची वेगळी. दहा छिद्रांचे आकडे त्यावर लागूच पडत नाहीत. त्यांनी कुरकुर केली? घरी नातवाच्या कॅसिओवर एकेक सूर लावून पाहिला, कुठे काय आहे ते वहीत मांडलं, आणि परवा त्यांनी आरती वाजवली. तालात. आकड्यांशिवाय.

त्यांचा एक बाजा. तुझे किती झाले? पांढरी एकचा होता, त्यावर पांढरी पाच आणलास, मग काळी चार, आणि आता त्या आणखी एकाची जाहिरात मला दाखवत होतास. कशाला? "वेगवेगळे मूड येतात." अरे, पांढरी एकवरचे मूड तरी संपव! मूर्च्छना हा शब्द शाळेत गाण्याच्या तासाला ऐकला असशील. सा ची जागा बदल, सूर तेच ठेव. चारच्या ओढीला सा मान, आठच्या ओढीपर्यंत वर जा, काफी थाट मिळतो. पाचच्या फुंकीला सा मान आणि आठच्या फुंकीपर्यंत जा: भैरवी. पूर्ण भैरवी, एकही सूर न वाकवता, याच बाज्यावर, जो तू धूळ खात ठेवलायस. दोनच्या ओढीला सा मानलास तर खमाजाचे सूर, आणि अमेरिकेतले ब्लूजवाले बहुतेक तिथेच बसतात, कारण तिथे मुख्य सूर ओढीवर येतात आणि ओढीचे सूर हवे तसे वाकतात. जर्मनांनी जी पट्टी ठरवून दिली होती, तिच्या बाहेरचं घर त्यांनी त्याच बाज्यात शोधलं. नवीन बाजा विकत आणून नव्हे.

कारण सांगायला तू पटाईत. सोसायटीतले तक्रार करतात म्हणून हिंजवडीच्या सिग्नलला गाडीत वाजवतो, म्हणे. एक हात स्टिअरिंगवर, एका हातात बाजा, पाठीमागे हॉर्न. पहिलं म्हणजे ते बंद कर. पोलिसाने पकडलं तर मी जामीन राहणार नाही. दुसरं, लोक तक्रार करतात ती वाजवण्याची नाही, ओरडण्याची. हळू वाजव. या बाज्याचा चांगला सूर हळूच लागतो. दोन्ही तळव्यांची ओंजळ मागे नीट मिटली, ओठ कडेवर न टेकवता आत घेतले, नाकातून हवा गळू दिली नाही, तर कुजबुजण्याएवढ्या श्वासात तो खोलीभर ऐकू येतो. शेजारच्या काकूंना झोपमोड होणार नाही इतका हळू आणि तरी अखंड, हीच मुळात परीक्षा आहे. तू तिलाच अडचण समजून पळतोयस.

डिसेंबरचं विचारतोस ना? नाही. 'शोले' नाही. मित्राला सांग पेढे देईन. तरी वाजवायचंच असेल तर भूपातली चार ओळींची एखादी सरळ गत मी देईन, ती नीट झाली तर स्टेजवर चढ, नाही झाली तर पंगतीत बस. फसव्या टाळ्या मिळतात लग्नात, त्या घरी घेऊन येऊ नकोस.

आता पुढच्या गुरुवारपर्यंतचं लिहून घे. फोनमध्ये नाही, वहीत. रोज सकाळी तोंड धुतल्यावर, चहाच्या आधी. चारची फुंक आठ मात्रा, चारची ओढ आठ मात्रा, पायाने मात्रा मोजत. मग पाच, मग सहा. दोन्हींचा आवाज सारखा. सूर शेजारी चाटला की तिथेच थांबायचं आणि पुन्हा एकपासून. बाजा हलवायचा, मान नाही. खालचे सूर डाव्या हाताला, हे अजून तू दोनदा उलटं धरतोस. झालं की छिद्रं खाली करून तळव्यावर हलकेच आपट, ओल निघू दे, वाळू दे, मगच डबीत. दुसरे दोन बाजे आईकडे कपाटात द्यायचे आणि किल्ली मागायची नाही. त्या विकणाऱ्याला लिहिलेलं आज रात्री खोडायचं. आणि या महिन्याची फी राहिलीय.

उचल तो. चारची ओढ. खांदे कशाला वर नेतोस? पोट. हं, पाय सुरू कर आधी, मग श्वास.